पत्र्यावरची टिटवी

तापलेल्या पत्र्याला वास असतो. लोखंडाचा म्हणावा तर तसा नाही, धुळीचा म्हणावा तर तसाही नाही. तव्यावर पहिली भाकरी पडायच्या आधी जो कोरडा वास नाकाला लागतो, त्याच्या जवळपासचा. यंदा चैत्रात चिंचा फोडायला म्हणून कळंबहून माहेरी सास्तूरला गेले होते. दत्तानं, माझ्या धाकट्या भावानं, घरामागचा कडब्याचा गोठा मोकळा करायला काढला होता. पेंड्या बाहेर ओढून द्याव्यात म्हणून मी आत शिरले आणि तो वास आला. पाय जागीच थांबले.

त्या गोठ्याच्या भिंती पत्र्याच्या आहेत. भूकंपानंतर आम्ही ज्या शेडच्या रांगेत राहिलो, तिथलेच हे पत्रे. पुढं पक्की घरं मिळाली तेव्हा अण्णांनी, आमच्या वडलांनी, ते सोडवून आणले आणि नव्या घरामागं गोठा उभा केला. इतकी वर्षं त्यांना कडबा टेकलेला होता. शेवटची थप्पी सरकली तेव्हा मागच्या पत्र्यावर, माझ्या कमरेच्या उंचीला, मला ती दिसली. खिळ्यानं कोरलेली. बाईचं अंग, काडीसारखे पाय, उघडी चोच. टिटवी. तिच्या बाजूला हातात काठी घेतलेली वाघमारीण, मोठ्या मिशांचा गौडा, म्हणजे कानडी पाटील, आणि नुसती शिंगंच शिंगं असलेला बैलोबा. प्रत्येकाच्या पायाशी खिळ्याच्या उभ्या रेघा.

मी टिटवीवर हात ठेवला. चटका बसला. तरी हात काढवेना.

बाहेरून दत्ता म्हणाला, "अक्का, इंचू निघाला का काय? गप का झालीस?"

मी म्हटलं, काही नाही. तो दोरी गुंडाळत खुशीत सांगत होता. उद्या दुपारी भंगारवाले हुसेनभाई टेम्पो घेऊन येणार, सगळे पत्रे नेणार, आणि या जागेवर आरतीला अभ्यासाला खोली बांधायची. आरती त्याची लेक, सातवीत गेलेली. पोरीसाठी वेगळी खोली बांधणारा बाप आमच्या घरात झाला, हे ऐकून मलाही बरं वाटलं. मी मान हलवली. पण तो एक पत्रा ठेव, एवढं काही तोंडातून निघालं नाही.

माहेरी आलेल्या लेकीनं दिलेलं घ्यावं, मागू नये, असं आम्हाला शिकवलेलं. चोळी दिली तर चोळी, चिंचेचा गोळा दिला तर गोळा. आणि ही रीत नसती तरी माझ्यानं मागवलं असतं असं नाही. एसटीत कंडक्टरला थांबवायचं म्हटलं तरी माझा आवाज घशात बसतो. पुष्कळदा माझा थांबा मागं जातो, पुढच्या थांब्यावर कुणी उतरलं की त्याच्या मागं मी उतरते आणि उन्हातून परत चालत येते.

त्या रात्री झोपेपर्यंत नाकात तोच वास होता. त्याच्या मागोमाग दुसरे वास येऊ लागले. दुधाच्या भुकटीचा. फिनेलचा. मोठ्या पातेल्यात तळाला लागलेल्या खिचडीचा. नव्या घोंगड्यांचा, ज्या अजून कुणाच्याच घरच्या झालेल्या नव्हत्या.

माळावर शेडच्या रांगा होत्या. दिवसा पत्रा इतका तापायचा की आत बसवत नसे. दिवस बुडाला की तो निवायला लागायचा, आणि निवताना आवाज करायचा. टक्. मग थोड्या वेळानं दुसरीकडं टक्. तो आवाज झाला की सगळी रांग गप व्हायची. भाकरी थापणारा हात थांबायचा, रडणारं पोर थांबायचं. मग कुणीतरी म्हातारं माणूस म्हणायचं, "पत्राच हाय." आणि पुन्हा भाकरी थापटण्याचा आवाज सुरू व्हायचा. अजूनही मला वाटतं, जगात सगळ्यात धीराचे शब्द तेच. पत्राच हाय.

मी तेव्हा बोलत नव्हते. आई नव्हती. मला अण्णांनी हाका मारून मारून शोधून काढलं होतं, आणि त्या हाकांत त्यांचा स्वतःचा आवाज फुटला होता, तो पुढं कितीतरी दिवस चिरलेल्या बांबूसारखा येत होता. माझा आवाज तर आलाच नाही. शब्द जिभेपर्यंत यायचे आणि उंबऱ्यावरून माघारी जावं तसे जायचे. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरीची जबान गेली. कुणी अंगारा लावला, कुणी दर्ग्याचा दोरा बांधला. दत्ता एवढासा होता, माझ्या कडेवर असायचा. माझ्या वतीनं तोच बोलायचा. "अक्काला बिस्कूट पायजे," असं सांगून बिस्कीट घ्यायचा आणि खायचा स्वतःच.

आमच्या रांगेच्या टोकाला एक रिकामी शेड होती. तिथं दुपारी नीलाताई पोरांना गोळा करायच्या. त्या शहरातून आलेल्या, मदतीच्या लोकांबरोबरच्या. बाकीचे परत गेले, त्या राहिल्या. बाप्याचं घड्याळ हातात घालायच्या आणि आमच्यासारखं उकिडवं बसायला शिकत होत्या, ते जमत नसे, मागं कलंडायच्या. एक दिवस त्यांनी झोळीतून एक पिशवी काढली आणि अंथरलेल्या पोत्यावर रंगीत खडे ओतले. खडे नव्हते ते, फासे होते, पण आम्ही पाहिलेल्या सोंगट्यांच्या फाशांसारखे नव्हते. कितीतरी कोन, आणि प्रत्येक बाजूवर आकडा. एक तर बोरासारखा जवळजवळ गोलच. कॉलेजात त्या आणि त्यांच्या मैत्रिणी या फाशांनी एक खेळ खेळायच्या. त्यात आधी एक माणूस बनवायचा. आपण नाही, दुसराच कुणी. मग त्याला घेऊन डोंगरात, भुयारात फिरायचं. ताई सांगणार समोर काय दिसतंय ते, आणि आम्ही सांगायचं की आमचा माणूस काय करतो.

"आमी सांगायचं, आन् तसं व्हणार?" मंगल म्हणाली. मंगल शेजारच्या शेडमधली, माझ्याहून थोडी मोठी, तिची जीभ विळ्यासारखी. "आजवर कोन ऐकलंय आमचं."

माणूस बनवायचा म्हणजे त्याच्यात काय किती आहे ते फासे टाकून ठरवायचं. ताईंच्या खेळात सहा गोष्टी होत्या. आमच्यातल्या कुणाच्या त्या ध्यानात राहीनात. मंगलनं दोन काढून टाकल्या. राहिल्या चार. ताकद, डोकं, नशीब, आणि चौथ्या गोष्टीचं नाव ताईंनी काहीतरी मोठं सांगितलं, म्हणाल्या, आपण बोललो की समोरचा किती ऐकतो, ते.

"म्हंजी जबान," मंगल म्हणाली. तेच नाव पडलं.

फासे मात्र फार दिवस टिकले नाहीत. पिशवी बाजेवर उघडी राहिली आणि बसूच्या घरच्या शेळीनं त्यातले दोन गिळले. बसू वाण्याचा पोरगा, घरात कानडी बोलणारा, हिशोबाला पक्का. तो शेळीच्या मागं मागं माळभर फिरला, काठीनं लेंड्या चिवडत. एकही सापडला नाही. मग ताईंनी उरलेले झोळीत ठेवून दिले आणि आम्ही चिंचोके घेतले. चिंचोका दगडावर थुंकी लावून घासायचा, एक बाजू पांढरी निघेपर्यंत. घासून घासून तो तापतो. तसला तापलेला चिंचोका बसू हळूच माझ्या हाताला लावायचा आणि मी ओरडते का बघायचा. मी ओरडत नसे. चार चिंचोके ओंजळीत खुळखुळवून टाकायचे, जेवढे पांढरे पडतील तेवढं माप. चारी पांढरे म्हणजे पुनव. चारी काळे म्हणजे अमुशा, काहीच नाही. मोजायचं काम बसूचं, आणि तो कानडीत मोजायचा. ओंदु, एरडु, मूरु. त्यामुळं आम्हा सगळ्यांना तेवढं कानडी कायमचं आलं.

ताईंचा नियम असा होता की जे पडेल ते, ज्या क्रमानं पडेल त्या क्रमानं, मुकाट घ्यायचं. मंगलला ते पटलं नाही. ती म्हणाली, पडंल ते घेऊनच बसलाव की समदी, आता खेळात पन तेच व्हय. मग तिनंच नियम काढला की एकानं दुसऱ्याला आपल्यातलं एक माप उसनं द्यावं. साखर देतात तसं, मीठ देतात तसं. आणि उसनं दिलेलं परत मागायचं नाही.

माझी पाळी आली. ताकदीला दोन पडले. डोक्याला तीन. नशिबाला पुनव. आणि जबानीला टाकले तर चारी काळे.

सगळे हसले. आपल्याच माणसाला हसतात तसं ते हसणं होतं, तरी हसलेच. ताई म्हणाल्या, पुन्हा टाक. मी मान हलवली. पडलं ते बरोबरच पडलं होतं. मग मंगलनं आपल्या वाघमारणीच्या जबानीतलं एक माप मला दिलं. म्हणाली, "घे. माझ्याकडं मायंदाळ हाय, माझी आय पन म्हनती." माणसाला नाव द्यायचं होतं. मी सांगू शकत नव्हते, म्हणून मी पत्र्यावर खिळ्यानं एक बाई काढली. तोंड जमलं नाही, ते चोचीसारखं झालं. मंगल म्हणाली, टिटवी. रात्री माळावर जरा काही हललं की जी गप बसत नाही ती. सगळे पुन्हा हसले आणि नाव पक्कं झालं.

पत्र्यावर माणसं काढायची सवय तिथूनच लागली. कागद जपून वापरायचे होते, पत्रा हवा तेवढा होता. माणसाच्या जन्माच्या ताकदीची रेघ खिळ्याची. लढाईत उरलेल्या ताकदीची रेघ कोळशाची. मार बसला की कोळशाची एक रेघ बोटानं पुसायची, आराम केला, भाकरी खाल्ली की पुन्हा ओढायची. खिळ्याच्या रेघेला कुणी हात लावायचा नाही. बोटं कायम काळी असायची. अण्णा विचारायचे, पोरी तू कोळसा खातीस का.

आमची लढाई व्हायची दगड्याशी. ताईंच्या खेळात राक्षस होते, उडणारे साप होते. त्यातलं आम्हाला काही भ्यावं असं वाटलं नाही. दगड्या आम्हीच बनवला. पडक्या भिंतींचे दगड एकावर एक चढून उठलेला, माळवदाच्या मातीचं अंग, चालला की धूळ उडवणारा. त्याच्याशी लढताना पहिला वार सगळ्यात लहानानं करायचा, हा नियम जेवणाच्या रांगेतून आला होता. रांगेत लहान पोरं पुढं. त्यामुळं प्रत्येक लढाईत आधी दत्ताचा बैलोबा धावायचा. दत्ता खरोखरच उठून पत्र्याला धडक द्यायचा, सगळी शेड दणाणायची आणि शेजारून शिव्या यायच्या.

एकदा त्या लढाईत बसूच्या गौडाच्या कोळशाच्या सगळ्या रेघा पुसल्या. ताईंचा नियम सरळ होता. त्या सहज म्हणाल्या, गौडा मेला, बसू, तू आता नवीन माणूस बनव.

बसूनं हातातले चिंचोके खाली ठेवले. तेवढ्यात पत्रा वाजला, टक्. पत्राच हाय, असंही कुणी म्हटलं नाही. बसू म्हणाला, "नवा नको." ताईंच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या दिवशी खेळ तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी मंगल नवा नियम घेऊन आली. रात्रभर त्याचाच विचार केला असावा, इतका तो तयार होता. पडलेला माणूस मेलेला नसतो, तो दबलेला असतो. जो उभा असेल त्यानं त्याला नावानं हाक मारायची. मोठ्यानं, पार हापशावर पाणी भरणाऱ्या बायांना ऐकू जाईल अशी. हाक मारली की सगळ्यांनी गप बसायचं, श्वाससुद्धा हळू घ्यायचा आणि कान लावायचा. मग एकच चिंचोका टाकायचा. पांढरा पडला तर पडलेल्यानं ओ द्यायची आणि एका रेघेवर उठायचं. काळा पडला तर पुन्हा हाक. हाकेला मोजमाप नाही. जोवर एक जण उभा आहे आणि हाक मारतोय, तोवर कुणी मरत नाही.

हे आम्ही सगळ्यांनी ढिगाऱ्यांपाशी पाहिलेलं होतं. हाक मारायची, मग सगळ्यांनी गप व्हायचं, दगडाला कान लावायचा. मंगलनं ते तिथून उचललं आणि इथं ठेवलं.

ताई उठून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाल्या, हा नियम आमच्या खेळात नव्हता, आता आहे. आणि गौडाला पहिली हाक सगळ्यांनी मिळून मारली. मी सोडून. बसूनं इतकी लांब ओ दिली की शेळीनंही उत्तर दिलं.

थंडी पडली. पत्रा आता दुपारीही गारच असायचा, आम्ही एका घोंगडीत पाय खुपसून बसायचो. तशा एका दुपारी दगड्यानं आम्हाला खिंडीत गाठलं. बैलोबा पडला. दत्ता तर खरंच माझ्या मांडीवर झोपून गेला होता. मग गौडा पडला. शेवटी वाघमारीणसुद्धा, जी कधीच पडत नसे. मंगलनं स्वतःच्या हातानं तिची शेवटची रेघ पुसली आणि माझ्याकडं पाहिलं. बसूनंही पाहिलं. पत्र्यावर उभी होती ती फक्त टिटवी.

ताईंना ते लगेच कळलं. त्या हळू म्हणाल्या की हिनं पत्र्यावर टकटक केलं तरी चालेल, ती हाकच धरू.

"न्हाय," मंगल म्हणाली. "हाक म्हंजी हाक. पत्रा काय, पाऊस पन वाजिवतो."

मला तिचा राग आला. इतका राग मला भूकंपानंतर कशाचाच आला नव्हता. ती मात्र पाय पसरून, दबलेल्या माणसासारखी आडवी झाली आणि डोळे मिटून पडून राहिली. बसूही पडला. पडलेल्या दोघांच्या छात्या वरखाली होत होत्या. मला त्या तशा पडलेल्या बघवेनात.

हापसा पुष्कळ दिवस बंद असला की आधी नुसता दांडा खडखडतो. मग खालून वारा येतो, फस्स करून. मग गंजाचं तांबडं पाणी. माझा आवाज तसाच आला. आधी वारा आला, मग खरखर, आणि मग, "मंगऽऽल."

वाघमारीण म्हणायचं होतं. मी मंगल म्हटलं. कुणी चूक काढली नाही.

दत्ता दचकून उठला. बाहेर अण्णा कुणाशी तरी बोलत होते, ते बोलणं तुटलं. सगळे गप बसले, नियमाप्रमाणं. मी चिंचोका टाकला. काळा.

अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना खेळ माहीत नव्हता, कोण पडलंय, कोण उभं आहे, काही माहीत नव्हतं. त्यांनी चौकटीला धरलं आणि त्यांच्या त्या फुटक्या आवाजात एवढंच म्हणाले, "परत मार."

मी परत मारली. ती हापशाच्या पार गेली असेल, कारण नंतर बाया विचारत आल्या. चिंचोका पांढरा पडला. मंगलनं डोळे उघडायच्या आधीच ओ दिली, आणि मग उठून बसली नि म्हणाली, "कवाधरनं वाट बघालाव. ढोपरं गार पडली की."

त्यानंतर मी बोलायला लागले. फार नाही, कधीच फार नाही. पण बोलले. चूल माझ्याकडं आली होती, शाळा चौथीवरच राहिली, पण चुलीपुढं बसून मी दत्ताला हाक मारायचे आणि तो लांबून कुठूनतरी ओ द्यायचा, ते मला पुरत होतं.

शेडच्या रांगा उठल्या. नीलाताई गेल्या, जाताना तो बोरासारखा फासा दत्ताच्या मुठीत देऊन गेल्या आणि दत्तानं तो आठवड्यात हरवला. बसू आता उमरग्याला मोटारी दुरुस्त करतो म्हणे. मंगल सोलापूरकडं दिली. तिच्या लग्नात मी तिची वेणी घातली होती, अबोलीचा वास अजून आहे. मग आपापले संसार. अण्णाही गेले. खेळ कुठं संपला ते आठवत नाही. खेळ असे संपत नाहीत, एक दिवस चिंचोके कुणी उचलत नाही, एवढंच.

तर सकाळी मी आणि आरती अंगणात चिंचा फोडत बसलो. भावजय सुनंदा आत स्वयंपाक करत होती. आरतीनं विचारलं, आत्या, गोठ्यात ती चित्रं कुणी काढली? मी सांगायला लागले. एवढं मी तिच्याशी कधी बोललेले नव्हते. सांगता सांगता तिनं चार चिंचोके पायरीवर घासायला घेतले. तिचा माणूस बनला. नाव ठेवलं बिजली. बिजलीला जबानीत पुनव पडली. मी म्हटलं, बापावर गेलीस. आणि नियम सांगताना सगळे नियम तोंडून आपोआप आले, उसन्याचा, कोळशाचा, लहान आधीचा. हाकेचाही.

"लई भारी हाय की," आरती म्हणाली. "तो पत्रा माझ्या खोलीत ठिवू आपन. तू बाबाला सांग."

मी सांगते म्हटलं. जेवताना सांगू असं ठरवलं. जेवताना दत्ता विटांबद्दल बोलत होता. मग तो वाळूबद्दल बोलला. मी ताटाकडं बघत राहिले. मधेच आरती मैत्रिणीकडं गेली. आणि दुपारी टेम्पो आला.

हुसेनभाईंच्या टेम्पोवर कर्णा आहे. भंगार, लोखंड, पत्रा, बॅटरी, असं त्यातलं रेकॉर्ड केलेलं बोलणं अखंड चालू असतं. पत्रे आडवे ठेवताना होणारा खणखणाट आणि वरून ते बोलणं. मी अंगणात चिंचेच्या ढिगापाशी बसलेली. टिटवीचा पत्रा कुठला ते मला दुरूनही ओळखू आलं. तो सगळ्यात शेवटी चढला. दत्ता दोरी आवळत होता आणि दोघं कशावरून तरी हसत होते. मला वाटलं, आता उठावं. मग वाटलं, लोकांदेखत काय मागायचं, जुना पत्रा. मग टेम्पो सुरू झाला आणि दत्ता हातपाय धुवायला मागं गेला. टेम्पो गल्लीतून निघाला. वरच्या पत्र्यावर ऊन पडून तो लखलखत होता. भंगार, लोखंड, पत्रा, बॅटरी. गल्लीच्या टोकाला वळण, वळणापुढं मोठा रस्ता.

मी उभी राहिले. दोन्ही हात चिंचेनं बरबटलेले. पदर सरळ करायलाही हात नव्हता.

आधी वारा आला.

"हुसेनभाऽऽई."

कर्ण्याखाली हाक बुडाली असावी. टेम्पो चालत राहिला. समोरच्या घरातली म्हातारी दारात आली. माझे कान तापले. पण चिंचोका काळा पडला तर काय करायचं ते मला माहीत होतं. दुसरी हाक मी पोटातून मारली. दांडा पूर्ण खाली दाबावा तशी. पिंपळावरचे कावळे उडाले.

मग मी गप झाले आणि कान लावला.

कर्णा बंद झाला. ब्रेक लागल्याचं ऐकू आलं. आणि गल्लीच्या टोकाहून, इंजिनच्या वरून, ओ आली.

"ओऽऽ! काय झालं, अक्का?"

दत्ता ओल्या हातानं धावत आला होता. माझ्याकडं बघत राहिला. "अक्का," तो म्हणाला, "तुझा आवाज अण्णासारखा हाय की गं." मी म्हटलं, मला एक पत्रा पाहिजे. तो का, कशाला, काही विचारत बसला नाही. टेम्पो मागं मागं घेत हुसेनभाई परत आले, म्हणाले, एवढ्या आवाजाची बाई माझ्या टेम्पोवर बसवली तर कर्णा विकून टाकीन. दत्तानं दोरी सोडली. पत्रा खाली घेताना त्याची नजर त्या शिंगांवर गेली. तो थबकला. अंगठ्यानं बैलोबावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "हा माझा न्हवं?"

तेव्हा तो एवढासा होता. मला वाटलं होतं, त्याला काही आठवत नसेल.

मी कळंबला परत आले त्याला आता महिना झाला. आरतीची खोली उभी राहिली आहे, प्लास्टर व्हायचं आहे, पण पत्रा भिंतीला लागला. टिटवीच्या शेजारी बिजली आली आहे, खिळ्यानंच. बसूचा नंबर दत्तानं शोधला, बसूकडं मंगलचा निघाला. तिला अजून फोन केलेला नाही. करीन. माझ्या फळीवर चार चिंचोके आहेत, एका डब्यात, त्यांना अजून दगडाची ऊब असावी असं उगीच वाटतं.

काल सकाळी भाकरी टाकत होते तर आरतीचा फोन आला. तिनं मैत्रिणींना खेळ शिकवला होता. घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "आत्या, दगड्यानं समद्यांला पाडलं. बिजली पन दबली. इथं कुनीच उभं न्हाय. टिटवी हाय फकस्त."

तव्यावरची भाकरी फुगत होती. ह्यांना दुकानाला जायची घाई होती, ते पायताण घालत दारात बसले होते. शेजारीण भिंतीपलीकडं कपडे वाळत घालत होती. मी फोन तोंडाशी धरला, आणि अंग चोरलं नाही.

"आरतीऽऽ."

शेजारणीचा हात दोरीवर थांबला. ह्यांनी मागं वळून पाहिलं. तिकडं सास्तूरला सगळ्या पोरी गप झाल्या, मला ते गप होणं ऐकू आलं. मग फरशीवर एक चिंचोका पडल्याचा आवाज आला. तो थोडा गोल फिरला आणि थांबला.

"ओ," आरती म्हणाली.

भाकरी एका बाजूनं करपली होती. ती मीच खाल्ली.